टाकीवरचा चेहरा

अलाबामातल्या पिकरिंग गावात हार्लन स्टबलफील्ड सव्वीस वर्षं लोकांच्या सेप्टिक टाक्या उपसत होता आणि या धंद्याला चेहरा लागत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. टाकी भरली की लोक फोन करत, हार्लन ट्रक घेऊन जाई, पाइप सोडी आणि लोक नाकाला रुमाल लावून त्याचे आभार मानत. उरलेलं आयुष्य त्याने कोहाटी स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला वाहिलं होतं. संघाचं नाव चावरी कासवं. शनिवारी मैदानात सत्तर हजार माणसं हिरवे कपडे घालून "चाव! चाव!" असं ओरडत. त्यात वकील असत, पाद्री असत आणि या विद्यापीठात फुटबॉलखेरीज काय शिकवतात हे ठाऊक नसलेले हार्लनसारखे असंख्य निष्ठावंत असत.

पूर्वी खेळाडू हा विद्यार्थी समजला जात असल्यामुळे त्याला काहीही देणं हा गुन्हा होता. हार्लनच्या बायकोने एकदा एका भुकेल्या खेळाडूला घरी भाजलेल्या पीच पायचे दोन तुकडे खाऊ घातले, तर चौकशी समिती बसली, पोराला तीन सामन्यांची बंदी झाली आणि उरलेला पीच पाय पुरावा म्हणून जप्त झाला. मोठे देणगीदार पार्किंगमध्ये जाडजूड पाकिटं देत, त्यावर मात्र कधी समिती बसली नाही. मग नियम बदलले. खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा विकायचा हक्क मिळाला. हक्क न्याय्यच होता. या पोरांच्या गुडघ्यांवर प्रशिक्षकांनी आजवर तळ्याकाठी बंगले बांधले होते. पण पिकरिंगकरांच्या हाती न्याय पडला की ते त्याचं काय करतात, ते पाहण्यासारखं असतं.

त्यांनी खेळाडूंसाठी पैसे जमवायला मंडळ स्थापन केलं. ‘कोहाटी विद्यार्थी-कल्याण हितचिंतक मंडळ’. अध्यक्ष डॉ. कोल्बी व्हिटलॉ, गावातले दंतवैद्य आणि हार्लनचे शाळासोबती. डॉक्टर एके दिवशी टाकी तुंबलेली नसताना हार्लनकडे आले, तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं.

"हार्लन, तुझ्या ट्रकवर काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"फोन नंबर."

"बघ! म्हणून तू मागे पडलास. त्यावर ब्रेकन डुव्हाल हवा."

ब्रेकन डुव्हाल हा चावऱ्या कासवांचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि म्हणून संघाचा देव. वय एकोणीस. त्याच्या मामाने दुसऱ्याच दिवशी करार आणला. ब्रेकन ट्रकजवळ येणार नाही, ट्रकचा फोटो वेगळा आणि त्याचा वेगळा काढावा, दोन्ही जोडून घ्यावेत, असं पहिलं कलम होतं. हार्लनने बाकीची एकतीस कलमं वाचली नाहीत. महिन्याभरात त्याच्या तिन्ही ट्रकवर ब्रेकनचा सहा फुटी चेहरा झळकला. शेजारी ओळ होती: ‘मैदानात मी, टाकीत हार्लन.’

"डॅडी, यात तुमचा फायदा काय?" त्याच्या मुलीने, जोसीने विचारलं.

"फायद्यासाठी नाही गं करत. संघासाठी करतोय."

"मग त्याने संघासाठी नको का काही करायला?"

हार्लनने तिला निष्ठा म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. जोसी वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिचे खांदे संघातल्या काही पोरांपेक्षा भरले होते. तिला कोहाटी स्टेटमध्येच नर्सिंग शिकायचं होतं आणि त्यासाठी तिच्या दिवंगत आईच्या विम्याचे पैसे बँकेत राखून ठेवले होते.

ब्रेकनने त्या मोसमात नऊ सामने जिंकून दिले, आणि इथेच घोटाळा झाला. जिंकल्यामुळे त्याचा भाव वाढला. डिसेंबरात खेळाडूंना विद्यापीठ बदलायची मुभा असते. डेल्टन टेक, म्हणजे ज्यांच्या नावाने पिकरिंगमध्ये कुत्र्यांना हाका मारतात ते विद्यापीठ, दुप्पट द्यायला तयार झालं. मंडळाने चर्चच्या सभागृहात तातडीची बैठक बोलावली. बायकांनी चिकनची कॅसरोल आणली, पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. "प्रभू, त्या लेकराचं मन वळव. आणि त्याचं वळणार नसेल, तर इथे बसलेल्यांचं वळव."

प्रभूने सोपं काम आधी केलं. हार्लन उभा राहिला आणि त्याने जोसीच्या शिक्षणाची रक्कम जाहीर केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी त्याला मिठी मारली आणि सभेला म्हणाले, "एका विद्यार्थ्याचं भवितव्य वाचवणारा माणूस आज आपल्यात आहे!" तो विद्यार्थी कोण आणि कोण नव्हे, हे विचारायची ती वेळ नव्हती.

ब्रेकन राहिला. एकोणीस दिवस राहिला. विसाव्या दिवशी डेल्टनने आकडा वाढवला आणि तो गेला. हार्लन मामाकडे पैसे मागायला गेला, तर मामाने शांतपणे करार पुढे केला. घेतलेली रक्कम ‘राहण्याचा प्रामाणिकपणे विचार करण्याबद्दल’ होती. विचार झाला होता, तोही चांगला एकोणीस दिवस.

"निदान तो चेहरा तरी काढतो ट्रकवरून," हार्लन म्हणाला.

"कलम बावीस," मामा म्हणाला. "चेहरा दोन वर्षांसाठी लावलेला आहे. काढला, झाकला किंवा त्यावर चिखल उडू दिला, तर दंड. ब्रेकनच्या प्रतिमेला धक्का बसतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. डेल्टनचा क्वार्टरबॅक पिकरिंगच्या गल्लीबोळांतून हसत हिंडू लागला. लोकांनी ट्रकवर अंडी मारली. अंडी पुसायचा खर्च करारानुसार हार्लनकडे होता. मग गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला. डेल्टनच्या माणसाने आपली टाकी उपसावी, हे कोणाच्याही स्वाभिमानाला पटेना. जिल्ह्यात दुसरा उपसणारा नव्हता. एप्रिलपर्यंत पिकरिंगमधल्या दोनशे टाक्या भरल्या, मे महिन्यात त्या वाहू लागल्या. मिसेस गॅफनींच्या हिरवळीवर डबकं साचलं, तेव्हा त्यांनी त्यात कासवांचा हिरवा झेंडा रोवला. गावाने निष्ठेपायी तुंबणं पत्करलं, आणि वर्तमानपत्राने या त्यागावर अग्रलेख लिहिला.

दरम्यान विद्यापीठानेही त्याग केला. नवा क्वार्टरबॅक आणायचा म्हणून नर्सिंगच्या जागा साठावरून बावीसवर आणल्या, आणि उरलेल्यांच्या फीमध्ये ‘क्रीडा-वैभव शुल्क’ जोडलं. इतकं करूनही बावीसपैकी एक जागा जोसीने मिळवली. जानेवारीपासून वर्ग सुरू होणार होते. जागा पक्की करायला सहा हजार दोनशे डॉलर भरायचे होते, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत. मुदत चुकली तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. हार्लनने सगळ्यात चांगला ट्रक विकला. विकत घेणारा डेल्टनचा होता. त्याला तो चेहऱ्यासकट हवा होता.

त्या शनिवारी डेल्टनविरुद्ध सामना होता. फीची तारीख ठरवणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक नव्हतं असं समजू या.

"घरी बसून भरू या का?" जोसीने सकाळी विचारलं.

"अगं, फोनवरून तर भरायचे! मैदानात काय फोन चालत नाही?" हार्लन म्हणाला. "पोहोचल्या पोहोचल्या भरू."

पोहोचल्यावर सुरुवातीचा खेळ रंगला. मग मध्यंतर झालं, मग रांगेत हॉटडॉग मिळेना. साडेचारला वृद्धाश्रमातलं काम आटोपून मागून आलेली जोसी कामाच्याच निळ्या कपड्यांत बापाशेजारी येऊन बसली आणि तिने फोनवर विद्यापीठाचा अर्ज उघडला. सामना संपायला दोन मिनिटं होती, म्हणजे त्या खेळात पंचवीस. चोवीस-एकवीस. डेल्टन पुढे. ब्रेकन डुव्हाल बाकावर बसून केळं खात होता.

"डॅडी, कार्डचा नंबर सांगा."

हार्लनने कार्ड काढलं. चार आकडे सांगितले. आणखी चार सांगितले. तेवढ्यात मैदान चिडीचूप झालं. कासवांचा नवा क्वार्टरबॅक जेस टिलरी हेल्मेट काढून खाली बसला होता. संघाच्या डॉक्टरांनी गुडघा तपासला, गुडघा ठणठणीत होता. मग भल्यामोठ्या पडद्यावर निवेदन आलं. खेळाडूला गुडघ्यात ‘आर्थिक अनिश्चितता’ जाणवत असून हितचिंतकांनी पैसे भरण्यासाठी पुढील चौकोन फोनवर टिपावा. चौकोनाशेजारी एक रिकामं कासव होतं. लोक पैसे धाडू लागले आणि कासव पायांपासून हिरवं होत वर चढू लागलं.

"पुढचे आकडे?" जोसी म्हणाली.

हार्लनने आणखी चार सांगितले. बारा झाले. कासव मानेपर्यंत आलं आणि अडकलं.

डॉ. व्हिटलॉ पायऱ्यांवरून धापा टाकत खाली आले. "हार्लन! नुसतं डोकं राहिलंय रे! सहा हजार कमी पडतायत. तुझ्याकडे आहेत, मला ठाऊक आहे, तू ट्रक विकलास."

"डॉक्टर, ते माझ्या फीचे आहेत," जोसी म्हणाली.

"बाळ, फी कोणाला जाते? विद्यापीठाला. आणि हे कोणाला जातायत? विद्यापीठाच्याच पोराला. घरातल्या घरात आहे!"

"मग तुम्हीच द्या ना घरातल्या घरात."

"मी अध्यक्ष आहे," डॉक्टर दुखावून म्हणाले. "मी द्यायला लागलो तर मागायचं कोणी?"

आजूबाजूच्या रांगा वळून पाहू लागल्या. हार्लनला चर्चमधल्या टाळ्या आठवल्या. वर्षभर ज्या लोकांनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, ज्यांच्या टाक्या भरून वाहत होत्या, ते सगळे आता त्याच्याकडे आशेने पाहत होते. मिसेस गॅफनींनी तर हात जोडले.

"डॅडी," जोसी हळू म्हणाली, "चारच आकडे राहिलेत. पाचला नऊ कमी आहेत."

"पुढच्या वर्षी, जोसी. नर्सिंग कुठे पळून जातंय का?" हार्लन म्हणाला. आणि त्याने ते चार धरून सोळाही आकडे डॉक्टरांच्या फोनवर दाबले. शरम वाटली, म्हणून त्याने ते मान खाली घालून दाबले.

कासवाचं डोकं हिरवं झालं. सत्तर हजार माणसं उठली. त्यांच्यात एकच निळा ठिपका उलट्या दिशेने जिन्याकडे निघाला होता. हार्लनने तिला एकदा हाक मारली, पण त्या आवाजात त्याची त्यालाच ऐकू आली नाही. टिलरीचा गुडघा क्षणात बरा झाला. चोवीस-एकवीस, सात सेकंद, शेवटचा डाव. टिलरी मागे सरला, डेल्टनची तीन धिप्पाड पोरं त्याच्यावर धावून आली, त्याने पडता पडता चेंडू फेकला आणि चेंडू उंच गेला.

गोष्ट खरं तर इथे संपली. एका मुलीला शिकायचं होतं, तिच्या बापाने तिचं शिक्षण दोनदा विकलं, ती जिना उतरून गेली. आणखी सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तुम्ही थांबला आहात. ती जिन्याखाली कुठे गेली, हे तुम्ही विचारत नाही आहात. तुमची नजर अजून वर आहे, चेंडूवर.

बरं. झेलला. सहा गुण. सत्तावीस-चोवीस. आपण जिंकलो.

बघा, बरं वाटलं ना?