मेलेल्या आचाऱ्याचा चहा

"शून्य!" भाचीने उत्तरपत्रिका मामाच्या मांडीवर आदळली. "दोन मार्कांनी नापास! आणि तेही तुझ्याच कादंबरीपायी!"

मामा फौजेतला निवृत्त ट्रक-ड्रायव्हर. जन्मात एकच कादंबरी लिहिली, युद्धाची, आणि ती नेमकी भाचीच्या कॉलेजात अभ्यासाला लागली. तिच्यात पलटणीचा आचारी चाळिसाव्या पानावर मरतो आणि एकशे बाराव्या पानावर सगळ्यांना चहा देतो. 'यातील प्रतीक स्पष्ट करा,' असा दहा मार्कांचा प्रश्न होता. भाचीने घरीच चौकशी करून ठेवली होती, त्यामुळे ती एका ओळीत मोकळी झाली: 'प्रतीक वगैरे काही नाही, मामा विसरला.'

"खरं लिहिलं तर शून्य? चल, बघतोच तुझ्या त्या मराठीच्या बाईंकडे!" मामाने पायात चपला सरकवल्या.

बाई काही बधल्या नाहीत. "युद्धात मेलेली माणसं सोडून जात नाहीत, हे ते प्रतीक."

"अहो, मी लिहिलंय ते!"

"लिहिलं असेल. कळलंय कुठे तुम्हाला?"

झालं! मामाचा पारा चढला आणि वरात प्राचार्यांकडे गेली. त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यांनी मामालाच कोरा कागद दिला. "तुम्हीच लिहा उत्तर. बाई तपासतील."

मामाने तावातावाने लिहिलं, 'ही चूक आहे.' मग ती कशी झाली ते लिहायला घेतलं आणि हात अडखळला. आचारी खरा होता. मामाच्याच ट्रकमध्ये, इस्पितळाच्या वाटेवर गेला. चाळिसावं पान मामाने रडत लिहिलं होतं. पण पुढे पलटण थंडीने कुडकुडायला लागली, तेव्हा चहा द्यायला त्याला दुसरं कुणी सुचलंच नाही. तेही त्याने लिहून टाकलं.

बाईंनी वाचलं, चष्मा पुसला आणि दहापैकी दहा दिले.

"वा रे वा! मामा पास, मी नापास!" भाची उसळली. "पुढच्या आवृत्तीत काढून टाक तो चहा. चूक ती चूक!"

"एक शब्द हलणार नाही! आचारी तिथेच राहील."

"मग मीही पुन्हा तेच लिहीन. मामा विसरला!"

"काय विसरला, तेही लिही की," बाई म्हणाल्या.

भाचीने फणकाऱ्याने पेन ओढलं आणि उत्तरपत्रिकेतल्या आपल्या ओळीपुढे जोडलं, 'आचारी मेलाय, हे.'

बाईंनी शून्य खोडून दोन केले. भाची पास झाली.

"दोनच?" मामाने बाह्या सरसावल्या. "अहो बाई, केवढं मोठं प्रतीक आहे ते!"