आकृती तीनमधला शांत माणूस

संकट कितीही मोठं असो, त्यात सापडलेल्या माणसाचा चेहरा व्यवस्थित असला पाहिजे, यावर जगातल्या तमाम सुरक्षा खात्यांचं एकमत आहे. संकट टाळणं प्रत्येक वेळी खात्याच्या हातात नसतं. चेहऱ्याचं तसं नाही, तो चित्रकाराकडून हवा तसा काढून घेता येतो.

चित्रकार बाईंना हे आधी ठाऊक नव्हतं. 'आग लागल्यास' या आपल्या पहिल्याच पत्रकासाठी त्यांनी एक पेटलेलं घर काढलं आणि त्यातून डोळे फाडून पळणारा माणूस काढला. खात्याच्या साहेबांनी चष्मा लावून चित्र जवळ घेतलं.

"हा घाबरलेला दिसतोय," ते म्हणाले.

"साहेब, घर पेटलंय त्याचं."

"घर त्याचं असेल हो. पत्रक आपलं आहे."

बाईंनी माणसाचे डोळे बारीक केले, भुवया खाली घेतल्या आणि ओठांना किंचित समाधान दिलं. आता तो पेटत्या घरातून दूध आणायला निघाल्यासारखा बाहेर पडत होता. (घर तसंच पेटत ठेवण्यात आलं. त्याला साहेबांची हरकत नव्हती.) पत्रक गाजलं.

मग संधी अशा चालून येऊ लागल्या की विचारू नका. लिफ्टमध्ये अडकल्यास, कुत्रा चावल्यास, पूल खचल्यास, दवाखान्यात नंबर न लागल्यास. सगळीकडे तोच शांत चेहरा. 'बुडताना घ्यावयाची काळजी' या पत्रकातले गृहस्थ तर इतके प्रसन्न होते, की काही नागरिकांनी खात्याला तलावाचा पत्ता विचारला. होतकरू चित्रकारांसाठी बाईंनी कार्यशाळाही घेतली. विषय होता, 'वेदना काढणे कसे टाळावे'. नवऱ्याला कोण अभिमान! ऑफिसात आलेलं प्रत्येक पत्रक तो स्वतः भिंतीवर लावायचा.

ऐन भरात असताना एका संपादिकांचा फोन आला. लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक करायचं होतं. खरं तर बाई चित्रकार झाल्या त्या याच्यासाठीच. पत्रकं मध्ये आली. गोष्ट साधी होती. एका मुलीचा कुत्रा हरवतो, ती रडते, कुत्रा सापडत नाही (संपादिका धीट होत्या), आणि मुलगी हळूहळू सावरते.

"सगळं पुस्तक त्या रडण्याच्या पानावर उभं आहे," संपादिका म्हणाल्या. "ते जमलं तर काम तुमचं. नाहीतर दुसऱ्या कुणाला देईन, राग मानू नका."

बाई बसल्या. मुलगी काढली, फ्रॉक काढला, कुत्र्याचा रिकामा पट्टा हातात दिला. मग चेहरा काढला, तर मुलगी कुत्र्याच्या जाचातून एकदाची सुटल्यासारखी दिसत होती. खोडलं. पुन्हा तेच. डोळ्यांतून पाणी काढून पाहिलं, तर कांदा चिरणारी समाधानी मुलगी झाली. हात पत्रकांना इतका सरावला होता की दुःखाकडे वळेचना. इतकी वर्षं जे काम हवं होतं तेच आता हातचं जाणार, या विचाराने बाई हादरल्या. (चेहऱ्यावर काही दिसलं नाही.)

तेव्हा त्यांनी शास्त्रशुद्ध मार्ग पत्करला: खरा दुःखी माणूस गाठायचा आणि बघून काढायचं. सुदैवाने त्याच आठवड्यात इमारतीची लिफ्ट अडकली. बाई वही घेऊन धावत जिने उतरल्या. दार उघडलं, तर आतले तिघंही हात बाजूला सोडून, ओठांवर किंचित समाधान घेऊन उभे. एका काकूंना धाप लागली होती, पण नीटनेटकी. बाई दवाखान्यात गेल्या, तर तिथे बाकांवर ओळीने तेच चेहरे. त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष असा, की शंभरातली सत्त्याण्णव माणसं संकटात पत्रकाप्रमाणे दिसतात आणि उरलेल्या तिघांना पत्रक मिळालेलं नसतं. (त्या तिघांचे पत्ते बाईंनी खात्याकडे मागितले. खात्याने तत्परतेने तिघांनाही पत्रकं पाठवून दिली.)

अशातच एका दुपारी नवरा लवकर घरी आला. चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले आणि खुर्चीत बसला.

"कंपनीनं कमी केलं," तो म्हणाला. "पत्रक दिलंय. 'नोकरीतील बदल आणि आपण'. तुझंच आहे. आकृती तीन फार छान आलीये गं."

बाईंनी वर पाहिलं. समोर आकृती तीन बसली होती. भुवया खाली, ओठ किंचित वर. स्वतःच्या लग्नात घामाघूम होऊन रडकुंडीला आलेला माणूस हा!

"ए, असं नको ना बसूस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "मला सांग, कसं वाटतंय तुला?"

हा प्रश्न कुठल्याच पत्रकात नव्हता, त्यामुळे उत्तराची आकृतीही उपलब्ध नव्हती. नवऱ्याचा खालचा ओठ थरथरला, नाक लाल झालं, आणि मग तो असा काही रडला की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बाईंनी त्याला जवळ घेतलं. त्याही रडल्या. आणि रडता रडताच, लाज वाटत असूनही, त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला.

"काढतेयस?" नवऱ्याने हुंदक्यातून विचारलं.

"हो रे. रागावलास?"

"नाही. नाक पुसलं तर चालेल का?"

"पूस. पण मग परत तसाच बस."

पुस्तकातल्या मुलीला अशा प्रकारे नवऱ्याचं तोंड मिळालं. (रडताना माणसाचं वय दिसत नाही. खात्याकडे याची नोंद नाही.) संपादिकांनी पान हातात घेतलं, "आलेच हं" म्हणून आत गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "काम तुमचं."

खात्याकडची कामं त्यानंतर आटली, कारण बाईंच्या आकृत्यांना आता घाम फुटू लागला होता. नवऱ्याला नवी नोकरी मिळायला वेळ लागला. तोवर तो मोकळेपणाने चिडचिड करायचा आणि घरात एकंदर बरं चाललं होतं.

पुस्तक जोरात खपलं. पालकांमध्ये तर फारच लोकप्रिय आहे. तुमच्याही घरी असेल. वाचून दाखवताना ते पान आलं की तुम्ही दोन पानं एकदम उलटता, त्यामुळे कुत्रा हरवतो न हरवतो तोच मुलगी सावरते. ते पान मुलांनी केव्हाच शोधून काढलंय. तुम्ही कामात असलात की ती ते उघडून बसतात आणि पोटभर रडतात. तुमची पावलं वाजली की पुस्तक मिटतं, भुवया खाली येतात, ओठ किंचित वर जातात. "काय रे, काय झालं?" तुम्ही दारातून विचारता. "काही नाही," मुलं म्हणतात. आणि आपली मुलं किती समजूतदार आहेत, असं म्हणत तुम्ही पुन्हा कामाला लागता.