बर्फ : निरंक

ऑगस्टमधल्या सकाळी साडेसहा वाजता, पारा चाळिशीकडे सरकत असताना, मोकाशी वर्कशॉपच्या दारात उभे राहून आकाशाकडे बघायचे. एक हात कपाळावर आडवा, दुसऱ्या हातात रजिस्टर. आधी वाळवंटाच्या बाजूला बघायचे, मग समुद्राच्या. सगळीकडे नीट बघून झालं की खिशातलं पेन काढून 'बर्फ' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहायचे : 'निरंक'.

हे सगळं दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमध्ये. इथे बर्फ मासळीबाजारात मिळतो आणि लिंबाच्या सरबतात मिळतो. आकाशातून पडलेला मी तरी ऐकलेला नाही.

"मोकाशीकाका, रोज काय लिहिता हे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"रकाना आहे ना? रकाना रिकामा ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "उद्या कोणी विचारलं, अमुक तारखेला बर्फ पडला होता का, तर तू सांगणार आहेस? लेखी पाहिजे."

'लेखी पाहिजे' हे त्यांचं ब्रीदवाक्य. मिरजेकडे कुठल्याशा सरकारी खात्याच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढून ते गल्फला आले, तेव्हा येताना दोन गोष्टी घेऊन आले : पान्यांची पेटी आणि 'निरंक' हा शब्द. आमची कंपनी बागा लावण्याची आणि राखण्याची कंत्राटं घ्यायची. मोकाशी वर्कशॉपचे फोरमन, मी हेड ऑफिसात परचेसला. ते माणसांना नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी 'परचेस'. अकाउंट्सचा केरळी जॉर्ज 'अकाउंट्स'. आमचा लेबनीज मॅनेजर, मिस्टर फादी, हा 'मॅनेजमेंट'.

मोकाशींची बायको आणि मुलगी मिरजेला. ते इथे वर्कशॉपमागच्या खोलीत एकटे. दर शुक्रवारी मात्र शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचे. जेवतानाही रजिस्टर डोक्यातून जात नसे. "वहिनी, आमटी उत्तम. मीठ निरंक," असं ते माझ्या बायकोला, मेघनाला, इतक्या गंभीरपणे सांगायचे की तिला राग धरता यायचा नाही. माझी मुलगी इरा तेव्हा पाच वर्षांची. ती दारातच त्यांना अडवायची, "अंकल, एनी स्नो टुडे?"

"निरंक, बेटा."

"व्हॉट अबाउट टुमॉरो?"

"उद्याचं उद्या भरायचं. आगाऊ नोंद करायची नसते."

आता हा बर्फाचा रकाना मुळात आला कुठून, ते सांगायला हवं. ते सांगताना मान खाली जाते, म्हणून इतका वेळ आमटीबिमटीचं सांगत बसलो.

तो तेजीचा काळ होता. दुबईपासून रास अल खैमापर्यंत जो तो काहीतरी बांधत होता आणि बांधलेल्याच्या पुढे हिरवळ लावत होता. आम्हाला साठ व्हिलांच्या एका कंपाउंडचं काम मिळालं. गवत कापायला मोकाशींनी छोटा गार्डन ट्रॅक्टर मागितला : पोटाखाली कापायचं डेक, मागे कापलेलं गवत गोळा करायची पेटी. साधी मागणी होती. चिठ्ठी माझ्या टेबलावर आली त्या दिवशी माझ्यापुढे चाळीस कोटेशनं होती आणि प्रत्येकाला 'यल्ला, यल्ला', म्हणजे आत्ताच्या आत्ता, हवं होतं. सप्लायरच्या मेलमध्ये त्या ट्रॅक्टरची दोन पॅकेजं होती. एक 'लॉन पॅकेज', सहा आठवड्यांनी. दुसरं 'ऑल सीझन पॅकेज', त्याच किमतीत, लगेच. मला वाटलं, एका ऋतूपेक्षा सगळे ऋतू बरे. पुढचं न वाचता मी ऑर्डर टाकली, आणि स्वतःवर खूशही झालो.

ट्रॅक्टर आला. गवताची पेटी नव्हतीच. तिच्याऐवजी पुढे लावायचं दाराएवढं रुंद लोखंडी पातं होतं, चाकांना गुंडाळायच्या साखळ्या होत्या, आणि एक पुस्तिका. मुखपृष्ठावर लोकरीची टोपी घातलेला एक गोरा माणूस गुडघाभर बर्फ ढकलत हसत होता. पुस्तिकेत रोजच्या नोंदींचा नमुना होता : तास, डिझेल, तेल, गवत, बर्फ, शेरा. मोकाशींनी तो जसाच्या तसा रजिस्टरात आखून घेतला. बर्फाचा रकाना गाळावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पेटी नाही म्हटल्यावर कापलेलं गवत गोळा करायला दोन माणसं दाताळी घेऊन ट्रॅक्टरमागे चालायला लागली. पातं परत घ्यायला सप्लायर तयार नव्हता. फादी भडकला. त्याने मला आणि मोकाशींना केबिनमध्ये बोलावलं. मूळ चिठ्ठी माझ्याच फायलीत होती, आणि ती मी शोधली नव्हती. पण मोकाशी आपली प्रत्येक मागणी रजिस्टरात शब्दशः उतरवून ठेवायचे. त्यांनी ते पान उघडून फादीसमोर ठेवलं.

"हबीबी, व्हॉट इज धिस? हिंदी?" फादीने रजिस्टर उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. "यू रीड."

रजिस्टर मराठीत होतं. पानावर लिहिलं होतं : 'छोटा ट्रॅक्टर एक, गवताच्या पेटीसह. इतर जोडसामान नको.' 'नको'खाली दोन रेघा.

मला नवीन प्रमोशन मिळालं होतं. इराची शाळा नुकतीच सुरू झाली होती, मेघनाला दिवस गेले होते, आणि फादी एका चुकीला माणूस काढतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की पाठ झाली आहेत.

मी वाचलं, "वन स्मॉल ट्रॅक्टर. विथ ऑल अटॅचमेंट्स."

फादीने मोकाशींकडे बघितलं. "यू आस्क्ड फॉर धिस? स्नो? हिअर?"

मोकाशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रजिस्टराकडे. "यस सर," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचं नाव 'स्नो मॅन' पडलं. मी मनाची समजूत घातली की त्यांना काही कळलं नाही. मॅनेजमेंटला ते नेहमीच 'यस सर' म्हणायचे. त्यांचं इंग्रजी बेअरिंग, गॅसकेट, फिल्टर एवढंच. 'अटॅचमेंट' हा शब्द त्याच इंग्रजीतला आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी तिथे फार वेळ थांबलो नाही.

पुढच्या शुक्रवारी येतात की नाही, अशी मला धाकधूक होती. ते आले. मीठ निरंक म्हणाले. मी त्यांना आग्रह करकरून श्रीखंड वाढलं. त्यानंतर दर शुक्रवारी वाढत राहिलो. "तुला काय एवढं पाहुणचाराचं सुचायला लागलं?" मेघना म्हणाली. मी तिलाही सांगितलं नाही.

मग शमाल आला. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा, तो सुटला की दोन दोन दिवस वाळू उडवतो. सकाळी कंपाउंडचा आतला रस्ता दिसेनासा झाला आणि मुलांची स्कूल बस गेटातच रुतली. मोकाशींनी ते पातं ट्रॅक्टरला लावलं. मिरजेहून आणलेली माकडटोपी वाळू लागू नये म्हणून घातली आणि रस्त्यावरची वाळू ढकलत निघाले. तासाभरात रस्ता मोकळा. बाल्कन्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोपी सोडली तर पुस्तिकेवरच्या माणसात आणि त्यांच्यात काही साम्य नव्हतं, आणि टोपीमुळे फारच होतं. मी त्या दिवशी साइटवर गेलो होतो. हसू येत होतं आणि बघवतही नव्हतं.

"काय परचेस," ट्रॅक्टरवरूनच ते ओरडले, "पातं कामाचं आहे की नाही?"

रजिस्टरात नोंद झाली : 'बर्फ : निरंक. शेरा : वाळू, अकरा फेऱ्या.' मग ते छंदच लागल्यासारखे करायला लागले. थोडी वाळू आली तरी पातं. आली नाही तरी पात्याला ग्रीस. कोणी हसलं तर, "मागवलंय ते वापरायला नको?"

मग २००८ची मंदी आली. आमच्याकडे ती पोचली तेव्हा आधी फोन यायचे थांबले, मग चेक. कंपाउंडमधली माणसं एकेक करून निघून गेली. काहींच्या गाड्या तशाच उभ्या राहिल्या, धुळीने झाकलेल्या. बागांचं पाणी कमी केलं, पुढे तोडलं. मोकाशी तरीही रिकाम्या व्हिलांपुढे ट्रॅक्टर फिरवत राहिले. मग एक दिवस रजिस्टरात पहिल्यांदाच लिहिलं गेलं : 'गवत : निरंक.'

त्याच आठवड्यात फादीने मीटिंग बोलावली. माणसं कमी करायची होती, आणि वर्कशॉपही आता मीच बघायचं होतं. त्याने यादी पुढे घेतली. "लेट अस स्टार्ट विथ द स्नो मॅन," तो म्हणाला. "अ मॅन हू ऑर्डर्स स्नो इन द डेझर्ट." सगळे हसले. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. फादीने पेनचं टोपण काढलं, यादीत नाव शोधलं, खूण केली. तोवर मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो. कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती. मी वाचण्यात नेहमीच तरबेज.

मोकाशींनी चार्ज रीतसर दिला. पेटीतले पाने मोजून, चाव्या मोजून. "सही कर. लेखी पाहिजे." मी रजिस्टर न उघडताच सही केली. एअरपोर्टला मीच सोडलं. वाटेत मी तीनदा घसा खाकरला, आणि तिन्ही वेळा त्यांनी पात्याला कुठलं ग्रीस लावायचं ते सांगितलं. उतरताना म्हणाले, "इराला सांग, बर्फ पडला तर कळवेन. येतो, सुधीर."

दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

महिन्याभराने पुन्हा शमाल सुटला. ट्रॅक्टर चालवायला कोणी उरलं नव्हतं. ऑफिसचे बूट घालून मीच बसलो, पातं वेडंवाकडं लावलं, दोन वेळा फुटपाथला ठोकलं आणि अर्ध्या दिवसात कसाबसा रस्ता मोकळा केला. फादी गाडीतून बघत होता. काच खाली करून म्हणाला, "यू नो, दॅट स्नो मॅन वॉज नॉट सो स्टुपिड."

वर्कशॉपात गेलो आणि नोंद करायला रजिस्टर उघडलं. हात आपोआप मागे मागे जाऊन त्या मागणीच्या पानावर थांबला. ते वाक्य पट्टी लावून एका रेघेने खोडलेलं होतं. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यामुळे 'नको' आणि त्याखालच्या दोन रेघा स्वच्छ दिसत होत्या. खाली लिहिलं होतं : 'दुरुस्ती : सर्व जोडसामानासह. मागणी माझीच. ग. मोकाशी.' आणि तारीख. केबिनमध्ये मी वाचलं होतं त्याच दिवसाची.

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून, ज्या माणसाने न पडलेल्या बर्फाचीही खोटी नोंद केली नाही, त्याने आपल्या रजिस्टरात एकमेव खोटी नोंद केली. आणि पुढच्याच शुक्रवारी माझ्या घरी येऊन जेवला. त्यानंतरचे सगळे शुक्रवार जेवला. मला इतकी लाज वाटली की मी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं.

तिथूनच मिरजेला फोन लावला.

"बोल परचेस. वारं सुटलंय म्हणे तिकडे. वाळू किती?"

"गेटपर्यंत. काका, मी ते पान पाहिलं. तुम्हाला माहीत होतं. बोलला का नाही?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

"बोललो असतो तर भांडण झालं असतं," ते म्हणाले. "मग शुक्रवारचं जेवण गेलं असतं. आठवडाभर कोणाशी मराठीत बोलायला मिळायचं नाही रे. आणि तुझी पोर दारात वाट बघायची. माझी कुठली बघणार होती?"

"काका, मी फादीला सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

"आता कशाला? लेखी आहे ना? मग झालं." आणि लगेच, "आजचा रकाना भरलास का?"

मी फादीला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तो पुढे कॅनडाला गेला, तिथे आता रोज पातं घेऊन बर्फ ढकलत असेल. मी मात्र त्या दुपारी पट्टी घेतली, मोकाशींची दुरुस्ती एका रेघेने खोडली आणि खाली लिहिलं : 'मूळ नोंद बरोबर. चूक माझी. वाचलं ते खोटं वाचलं.' सही केली, तारीख घातली. मग आजच्या पानावर आलो आणि बर्फाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं.

ते रजिस्टर अजून ऑफिसच्या कपाटात आहे, कोणीही उघडून बघावं असं. पण मी कबुली दिली ती मराठीत, आणि आमच्या ऑफिसात मराठी वाचणारा मी एकटाच आहे. हेही मी मराठीतच लिहितो आहे, तेही माझ्या लक्षात आलं आहे.