मिसळ, दादर, पंखा बंद

रविवारी दुपारी बायको झोपलेली असताना तिच्या लॅपटॉपला हात लावू नये, हे खरं तर लग्नातच भटजींनी सांगून टाकायला हवं. नीलला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातून तो लोअर परळच्या एका कंपनीत दिवसभर लोकांची माहिती नीट लावून देण्याचं काम करतो. त्याला अव्यवस्था बघवत नाही, आणि वैदेहीच्या लॅपटॉपमध्ये तर नुसता बाजार भरला होता.

वैदेही सुक्या बोंबलावर पीएचडी करत होती. बोंबील किती वाळवला म्हणजे वर्षभर टिकतो, असा विषय. त्यासाठी तिने जगभरचे संशोधन-लेख जमवले होते आणि प्रत्येक फाइलला आपल्या मनाने नाव दिलं होतं. लेखक नाही, वर्ष नाही, विषय नाही. लेख वाचताना ती जिथे होती, तिथे जे काय चाललं होतं, ते फाइलचं नाव. ‘चर्नी रोड, चप्पल तुटली.’ ‘प्रितीची हळद, कोपऱ्यात.’ ‘वरळी कोळीवाडा, मांजर पाठी लागलं.’ हे बघून नीलचं डोकंच फिरलं.

पण त्याचा हेतू वाईट नव्हता हो. वर्षापूर्वी वैदेहीची आई, गिरगावच्या आनंदीबाई, गेल्या. तेव्हापासून तिचं कशात लक्ष नव्हतं आणि प्रबंध रखडला होता. आपण एवढं तरी करावं, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने एक प्रोग्रॅम चालवला आणि चहाची वेळ व्हायच्या आत सगळ्या लेखांना शहाण्यासारखी नावं दिली: लेखक, वर्ष, शीर्षक. मग मोठ्या समाधानाने तो कांदेपोहे करायला गेला.

सोमवारी सकाळी वैदेहीच्या गाइड संघमित्रा मॅडम यांचा फोन आला.

“वैदेही, चौथ्या प्रकरणात ओलाव्याचा आकडा दिलायस, त्याला आधार काय? तो लेख मला आज चारच्या आत हवा. नाहीतर प्रबंध या खेपेला जमा होणार नाही. मग थेट दिवाळीनंतर.”

“आहे मॅडम, दोन मिनिटांत पाठवते,” वैदेही म्हणाली. तिला तो लेख पक्का आठवत होता. तिने लॅपटॉप उघडला, ‘मिसळ’ असं टाइप केलं आणि शोधलं. काही सापडलं नाही.

“सरप्राइज!” नील मागून म्हणाला. “आता कुठलाही लेख एका सेकंदात. बोल, लेखक कोण?”

“मला काय माहीत? कुठलीतरी बाई आहे.”

“वर्ष?”

“तेव्हा माझे केस छोटे होते.”

“बरं, शीर्षक?”

“‘मिसळ, दादर, पंखा बंद’.”

“वैदेही, ते लेखाचं शीर्षक नाहीये.”

“माझ्यासाठी तेच आहे! काय केलंस तू?”

काय केलं ते नीलने सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा असा काही होत गेला, की शेवटी शेवटी त्याचा आवाजच बसला.

“जुनी नावं परत आण,” ती म्हणाली.

“बॅकअप होता गं. पण एकच वस्तू दोनदा कशाला, म्हणून तो काढून टाकला.”

“रिसायकल बिनमध्ये असेल.”

“तो पण रिकामा केला. कचरा साठवू नये.”

वैदेहीने शांतपणे लॅपटॉप आपल्याकडे ओढला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग शोधाशोध सुरू झाली. ‘बोंबील’ टाकलं, ‘ओलावा’ टाकलं, मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं. लालबागच्या गर्दीत उभं राहून नुसतं ‘अहो’ म्हणावं, तसे सगळेच लेख वळून बघायला लागले. एकेक उघडून चाळायचा म्हटलं तर दिवाळी इथेच आली असती. नीलने ऑफिसला ‘घरी इमर्जन्सी आहे’ असा मेसेज टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरा होता.

“असं करू,” तो शेवटी म्हणाला. “तुला जागेवरूनच आठवतं ना? मग त्या जागेवर जाऊ.”

लॅपटॉप काखोटीला मारून दादरच्या त्या हॉटेलात पोचेस्तोवर दोन वाजून गेले होते. वैदेहीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक काका कोथिंबीरवडी खात बसले होते.

“काका, जरा पलीकडे बसता का? हिला इथे बसून आठवायचंय,” नील म्हणाला.

“काय आठवायचंय?”

“बोंबील.”

“इथे?” काकांनी बिचाऱ्यांनी आपली वडी एकदा वास घेऊन पाहिली आणि ते उठले.

मिसळ आली. वैदेहीने खाल्ली. तर्री तीच, पाव तोच, पण लेख काही आठवेना. तिने वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता.

“रघु,” नीलने वेटरला हाक मारली, “हा पंखा बंद कर.”

“साहेब, आता चालतो तो. नवीन बसवलाय.”

“तेच तर चुकलंय ना! कर बंद.”

बटण एकच होतं, त्यामुळे हॉटेलातले सगळे पंखे थांबले. भर उन्हाळ्याची दुपार! जो तो ओरडायला लागला.

“ओ शेठ, लाइट गेली काय?”

“लाइट आहे ना, मग पंखा कोणी घालवला?”

गल्ल्यावरचे अण्णा उठून आले. “ओ मिस्टर, हॉटेल काय तुमच्या घरचं आहे?”

नीलने सगळ्यांसमोर हात जोडले. “मंडळी, पाच मिनिटं कळ काढा. माझ्या बायकोची पीएचडी अडकलीय. माझ्यामुळे अडकलीय.”

हॉटेल एकदम गप्प झालं. दादर आहे ते. शिक्षणाचं नाव काढलं की माणूस घामसुद्धा सहन करतो. एका बाईंनी तर मेनूकार्डाने वैदेहीला वारा घालायला घेतला, तर नील ओरडला, “नको नको, वारा नको!”

“आठवा हो ताई लवकर,” काका कपाळ पुसत म्हणाले.

वैदेहीच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. तिने मिसळीचा आणखी एक घास घेतला, तिला ठसका लागला आणि ठसक्यातच ती हसायला लागली.

“नील, पंखा! त्या लेखात बोंबील पंख्याच्या वाऱ्यावर वाळवले होते. आणि मी इथे घामाघूम होऊन ते वाचत होते. बोंबलांची माझ्यापेक्षा मजा आहे, म्हणून हसत बसले होते मी!”

नीलने इंग्रजीत ‘फॅन’ टाकलं. दोन-तीनच लेख आले आणि दुसऱ्यातच तो आकडा निघाला.

“पण हा तर पुरुष आहे,” नील म्हणाला. “तुझी बाई कुठंय?”

“असू दे रे, पाठव आधी.”

लेख गेला. थोड्या वेळाने मॅडमचं उत्तर आलं: “मिळाला. आता प्रबंध जमा कर.” पंखे सुरू झाले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, अण्णांनी दोन चहा पाठवले आणि काकांनी विचारलं, “मी आता माझ्या जागेवर येऊ का?”

पलीकडच्या टेबलावर बसल्यावर नीलचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की नील शहाणपणा शिकवतो. “शेवटी सर्चनेच सापडला बघ. योग्य शब्द टाकता आला पाहिजे, बस. आता सगळं कसं पटकन मिळेल.”

वैदेही अजून काहीतरी टाइप करत होती.

“झालं ना गं काम? आता काय शोधतेस?”

त्याने वाकून पाहिलं. ‘आईने चहा मागितला.’ काही सापडलं नाही. ‘आईला आज बरं वाटतंय.’ काही सापडलं नाही. ती पुसत होती आणि पुढचं लिहीत होती. ‘आईने मला ओळखलं.’

शेवटचं वर्षभर आनंदीबाई अंथरुणाला खिळून होत्या आणि वैदेही गिरगावला त्यांच्या उशाशी बसून हे लेख वाचायची. नीलला माहीत होतं ते. रविवारी ही सगळी नावं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलीही होती. तेव्हा त्याला ती नुसती चुकीची वाटली होती. आता त्याला फार वाईट वाटलं. मग तो त्याला येत होतं तेवढंच बोलला.

“तो लेख कशावर होता सांग ना. लगेच काढून देतो.”

“लेख नकोय रे मला,” वैदेही म्हणाली.