महाराजांची उघडी दारं

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, तिथे माझे नातेवाईक राहतात, एक सुतारपक्षी वैद्यकी करायचा. त्याला सगळे ठोकेवैद्य म्हणत.

मुलांनो, आपलं शरीर बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला इवलीशी दारं असतात. त्यांतून क्षार ये-जा करतात. दारं वेळेवर उघडतात आणि वेळेवर मिटतात. हे तुम्हाला शाळेत शिकवतील तेव्हा मान डोलवा.

ठोकेवैद्यांनी चोचीने ठोकून ठोकून एक गोष्ट शोधली. ज्या पेशींची बेलगाम वाढून गाठ होते, त्यांची काही दारं मिटायचं विसरतात. गाठ हाताला लागण्याआधी ही दारं ओळखता येतात. ती डिंकाने बंद केली की गाठ वाढायची थांबते.

"पण डिंक मोजून घ्यायचा," वैद्य बजावत. "तसलीच दारं काळजातही आहेत."

साळूबाई साळिंदरीण या डिंकाने बरी झाली. हे तिने सगळ्या जंगलाला तीन-तीनदा सांगितलं.

मग वाघमहाराज बारीक होऊ लागले. वैद्यांनी तपासलं.

"महाराज, दारं उघडी आहेत. गाठ अजून लहान आहे. आजच डिंक सुरू करू."

महाराज घाबरले आणि हो म्हणणार होते. तेवढ्यात तरसप्रधान खाकरले.

त्या जंगलात एक रीत होती. राजा आजारी पडला की गादी सोडायचा, आणि त्याच्याबरोबर प्रधानही घरी जायचा.

"आपण आजारी आहात का, महाराज?" प्रधानांनी विचारलं.

महाराजांनी गादीकडे पाहिलं. "छे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कायदा झाला. उघडी दारं म्हणजे आरोग्य. मिटणारी दारं म्हणजे आजार. निरोगी प्राण्याला औषध देणाऱ्याची चोच कापावी. खाली महाराजांनी पंजा उमटवला.

साळूबाईला नोटीस गेली.

"अहो, मी बरी झाले म्हणूनच दारं मिटतात ना?" तिने विचारलं.

"असं सगळेच आजारी म्हणतात," शिपाई म्हणाला.

सहा महिन्यांनी महाराजांना उठवेना. त्यांनी वैद्यांना बोलावलं.

"ठोके, थोडा डिंक दे रे. मला जगायचंय."

वैद्यांनी चोचीची पर्वा न करता डिंक काढला. प्रधानांनी त्यांचा पंख धरला आणि कायद्याचा कागद महाराजांपुढे ठेवला.

"हा पंजा कुणाचा, महाराज?"

महाराजांनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझा."

वैद्यांनी डिंक परत ठेवला. त्यांना रडू आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही येतं.

महिन्याभराने दवंडी पिटली गेली: महाराज ठणठणीत प्रकृतीत वारले. प्रधान घरी गेले. त्यांना सात महिने जास्त मिळाले होते.

तात्पर्य: आजार लवकर ओळखला तर बरा होतो. मात्र तपासणीला जाण्याआधी आपण राजा नाही, याची खात्री करून घ्यावी.