थोरल्यांचं तोंड बंद करताना

माफी मागण्यापेक्षा लोखंडी पाइप कापणं सोपं, असं माझं आजवरचं मत होतं. (अजूनही आहे. फक्त कापलेल्या पाइपाचं दुसरं टोक कुठे घालायचं, याबाबत थोडी सावध झाले आहे.)

शेजारची गाणेबाई पत्ते खेळायला यायची थांबली, तिथून हे सगळं सुरू झालं. गाणेबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, घरी गाण्याचा क्लास चालवणारी बाई. माझ्याच वयाची आणि माझ्याइतकीच हट्टी. फरक एवढाच, की तिला गाता येतं आणि मला इंजिन चालवता येतं. रोज दुपारी जेवणं उरकली की ती मागच्या दाराने यायची. आम्ही पत्ते कुटायचो, एकमेकींना लबाड म्हणायचो, चहा प्यायचो आणि उद्याचं भांडण उद्यावर ठेवून उठायचो. वर्षानुवर्षं हे चाललं. मग एका दुपारी ती आलीच नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तिसऱ्या दुपारी वीज गेली म्हणून मी थोरल्यांना सुरू केलं आणि मान वर करून तिच्या खिडकीकडे पाहिलं, तर तिने खिडकी अशी आपटली, की माझ्या हातातला पाना खाली पडला.

थोरले म्हणजे आमचं डिझेल इंजिन. सासऱ्यांनी लाकडाच्या वखारीसाठी घेतलेलं. वखार गेली, सासरे गेले, इंजिन अंगणातल्या शेडमध्ये बसून राहिलं. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना गाडीच्या चाकाएवढी दोन जड चाकं, आणि आवाज असा, की भांडी मांडणीवरून आपण होऊन पुढे सरकतात. आमच्या ह्यांच्या जन्माआधी ते या घरात आले, म्हणून त्यांना आम्ही मानाने थोरले म्हणतो. वीज गेली की पट्ट्यावर जनरेटर फिरवून ते घरात दिवे लावतात, पंखे फिरवतात. एवढं काम घरातला दुसरा कुणीही पुरुष करत नाही.

मला इंजिन कुणी शिकवलं नाही. मेकॅनिक सांगितल्या दिवशी कधी यायचा नाही, आणि आला तरी माझ्याकडे पाठ करून काम करायचा, जणू मी त्याची विद्या पदरात बांधून पळणार होते. मग एक दिवस मीच पाना उचलला. एकेक नट सोडवला, निघालेला प्रत्येक तुकडा जुन्या चादरीवर ओळीने मांडला, पुसला, आणि शेवटून पहिल्यापर्यंत परत बसवला. थोरले पहिल्या झटक्यात सुरू झाले. (दोन वॉशर उरले. ते अजून डब्यात आहेत. त्यांच्यावाचून थोरल्यांचं आजतागायत काही अडलेलं नाही.)

तर खिडकी आपटली आणि मला कारण कळलं. तिचा क्लास, माझं इंजिन. इतकी वर्षं सोसलं, आता सोसवेना.

"जाऊन विचार ना तिला," आमचे हे म्हणाले. हे पोस्टातून निवृत्त झाले आहेत. माझ्या हाताखालून अजून नाही.

"मी का जाऊ? खिडकी तिने आपटली."

"बोललीस तर काय झालंय ते कळेल तरी."

"कळलंय मला. थोरल्यांचा आवाज तिला नको झालाय."

"ती म्हणाली तसं?"

"खिडकी म्हणाली."

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर त्यासाठीच घेतात.

खरं सांगू? मला ती हवी होती. दुपारी मी एकटीच पत्ते लावत बसायचे. एकटीने खेळताना लबाडी करण्यात काही राम नाही, पकडणारंच कुणी नसतं. चहा हाताच्या सवयीने दोन कप व्हायचा, दुसरा ह्यांच्या पोटात जायचा आणि मग हे संध्याकाळभर छातीत जळजळ म्हणून हिंडायचे. पण तिच्या दारात जाऊन "चुकलं माझं" म्हणणं? ते माझ्या जिवावर येत होतं. तेव्हा मी ठरवलं, तोंडाने काही बोलायचं नाही, थोरल्यांनाच गप्प करायचं. आवाज थांबला की ती आपण होऊन येईल.

थोरल्यांच्या सायलेन्सरची गंजून चाळणी झालेली. नवा मिळत नाही, कारण हे मॉडेल बनवणारे सगळे आता वर पोचले. म्हणून आधी मी धुराच्या नळीवर पत्र्याचं पिंप उलटं घातलं. आवाज कमी झाला नाही, उलट आवाजाला पिंपाची साथ मिळाली. गाणेबाईने दुसरीही खिडकी लावली.

मग मला शेडमागची जुनी गटाराची लाइन आठवली. नवी लाइन पडल्यापासून ती कुणी वापरत नव्हतं. दगड सरकवला, आत दोन बादल्या पाणी ओतलं. कुठे गेलं, कळलंही नाही. वा! जिथे दोन बादल्या पाणी गुपचूप जिरतं, तिथे थोडा धूर आणि आवाज का नाही जिरणार? प्लंबरला बोलावून धुराच्या नळीला वाकडा पाइप जोडायला सांगितला आणि त्याचं तोंड त्या लाइनीत घालून भोवती सिमेंट लिंपायला लावलं.

तो काम करता करता थांबला. "आजी, ही लाइन पुढे कुठे उघडते?"

"आजी कुणाला म्हणतोस? ही लाइन बंद आहे."

"कुणी बंद केली?"

"वापरात नाही म्हणजे बंदच."

"वापरात नसणं वेगळं आणि बंद असणं वेगळं, आ..."

"हं, म्हण पुढे."

"...काकू," असं म्हणून त्याने मुकाट्याने सिमेंट लिंपलं. शहाणा माणूस. मात्र जाताना घाईने गेला.

सुट्टीचा दिवस होता, शेजारी सकाळचा क्लास भरला होता. मी मुद्दाम तीच वेळ धरली. आमच्याकडे हँडल मी मारते. हे सिलिंडरची हवा मोकळी सोडणारा वरचा खटका धरून उभे राहतात आणि चाकांनी वेग घेतला की मी ओरडते तेव्हा तो पाडतात. मी मारलं, ओरडले, ह्यांनी पाडला. थोरले दोनदा धडधडले आणि घुसमटून गप्प झाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

इंजिन चालत नसेल तर माझा नियम ठरलेला आहे. आधी डिझेल पाहायचं, मग नळीत हवा धरली आहे का ते, मग नवरा. टाकी भरलेली होती. नळीचा नट सैल केला, तर बुडबुडा एक नाही, स्वच्छ डिझेल ओघळलं. हँडल हळूहळू फिरवून कान लावला, तर नोझल नेहमीसारखी कुरकुरत होती, म्हणजे फवारा ठीक. उरला नवरा.

"खटका नीट पाडलात ना?"

"जन्मभर दुसरं काय केलंय मी?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. पेट घेतोय, पण श्वास सोडायला वाट नाही! प्लंबर गेल्यावर खात्रीसाठी मी पाइपातूनही एक बादली ओतली होती, ते पाणी त्या वाकड्या पाइपात तुंबलं होतं. जोड सैल केला, तसं काळं पाणी भसकन माझ्या पायांवर आलं. (हे म्हणाले, "मला वाटलंच होतं." ह्यांना सगळं नेहमी नंतर वाटतं.) जोड आवळला, हँडल मारलं, ओरडले, खटका पडला, आणि थोरले सुरू झाले.

आणि काय सांगू! आवाजच नाही. चाकं फिरतायत, पट्टा सपसप पळतोय, दिवा लागलाय, आणि थोरले देवमाणसासारखे नुसते पुटपुटतायत. मी कमरेवर हात ठेवून गाणेबाईच्या बंद खिडकीकडे पाहिलं. उघड आता, म्हटलं, आणि ऐक ही शांतता.

हे आंघोळीला गेले. निवृत्तीनंतर ह्यांची आंघोळ घसरत घसरत जेवणाच्या तोंडाशी आली आहे.

"अगं!" आतून हाक आली.

"काय?"

"थोरले मोरीत आलेत!"

मला वाटलं, साबण डोक्यात गेला. पण तोवर हे पंचा गुंडाळून बाहेरच आले. अर्धं अंग फेसाने पांढरं, अर्धं काजळीने काळं. मी जाऊन पाहिलं. मोरीच्या भोकातून दर ठोक्याला पाण्याचा एक फवारा आणि धुराचं एक गोल कडं वर येत होतं. आणि आवाज? अंगणातून गेलेला सगळा आवाज तिथे अगदी एकवटून बसला होता.

थोडी फट राहिली असेल, मी म्हटलं. भोकावर ओलं पोतं कोंबलं आणि त्यावर धुण्याचा दगड ठेवला. लगेच स्वयंपाकघरातलं सिंक खोकायला लागलं. त्याच्या भोकावर ताटली ठेवली, ताटलीवर पाण्याने भरलेलं पातेलं. पातेलं नाचलं. मी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. मग एकदम सगळं शांत.

"गेला आवाज!" मी म्हटलं.

"कुठे गेला?" दारातून हे.

"जिरला."

"आवाज जिरतो?"

"माझ्या हाताखाली जिरतो."

भिंतीपलीकडे क्लासातली मुलं एका सुरात गात होती. त्या गाण्यात अचानक एक ठोका मिसळला. घुमदार, जमिनीच्या पोटातून आलेला. मग दुसरा. मुलं बिचारी शिस्तीची, त्यांनी ठोक्याबरोबर गाणं चालू ठेवलं. मग कुणीतरी खोकलं. मग सगळीच खोकली. मग किंकाळ्या, पळापळ, पेटी उलथल्याचा आवाज. आणि कितीतरी दिवस जी उघडावी म्हणून मी झुरत होते, ती खिडकी धाडकन उघडली. आधी धूर बाहेर आला, मागून गाणेबाईचं डोकं.

"बंद कर ते तुझं धूड!"

मी पातेलं सोडून धावले आणि डिझेलचा खटका ओढला. पण थोरले मोठे, त्यांना थांबायलाही वेळ लागतो. चाकं फिरतच राहिली. माझ्या मागे पातेलं सिंकमधून खाली आलं.

गाणेबाई मागच्या दाराने आमच्या अंगणात. चष्म्याच्या दोन काचा तेवढ्या पुसलेल्या, बाकी चेहरा कढईच्या बुडासारखा. तिची मुलं मागे कुंपणाला ओळीने लटकून, सुट्टी मिळाल्याच्या आनंदात.

"माझ्या मोरीतून धूर काढलास?" ती ओरडली.

"तुझ्यासाठीच केलं!"

"माझ्यासाठी? मी धूर मागितला होता?"

"आवाज नको होता ना तुला? क्लासात व्यत्यय येतो म्हणून खिडक्या आपटत होतीस ना? म्हणून थोरल्यांचं तोंड जमिनीत पुरलं मी!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "इंजिनाचा मला कसला त्रास? या मुलांना मी त्याच्यावर ताल धरायला शिकवते. वीज गेली आणि ते सुरू झालं की मुलांची लय पक्की होते."

"मग खिडकी का आपटलीस?"

"तू माझ्याकडे बघत होतीस म्हणून. माझा अजून राग गेला नव्हता."

"कसला राग?"

"माझं गाणं होतं. मोठ्या सभागृहात. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी स्टेजवर बसवलं."

"मग? मी आले होते की! पहिल्या रांगेत बसले होते!"

"तेच म्हणते मी. पहिल्या रांगेत बसलीस आणि घोरलीस."

"घोरले? मी डोळे मिटून तल्लीन झाले होते!"

"तोंड उघडं टाकून? मागच्या रांगेतला माणूस उठून निघून गेला. माझा सूर दोनदा गेला. मी मनाशी म्हटलं, सगळ्या जगाने नावं ठेवली तरी चालतील, ही एक तरी नीट ऐकेल. आणि तू..." तिचा आवाज जरा चिरकला. तिने काळा पदर नाकाला लावला.

 पण न केलेला गुन्हा मी कसा कबूल करणार? पंचा सावरत उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे मी वळले. "अहो, सांगा हिला. मी घोरते?"

ह्यांनी आधी गाणेबाईकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे, मग आपल्या फेसाने भरलेल्या पायांकडे.

"माझी खाट मी शेडच्या भिंतीला लावून घेतली आहे," हे म्हणाले, "ती काय तिथे वारा छान येतो म्हणून?"

कुंपणावरची मुलं खिदळली. थोरल्यांनी शेवटची एक गिरकी घेतली आणि तेही थांबले. आता अंगणात खरोखरच शांतता झाली, आणि त्या शांततेत सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते.

मी तोंड उघडलं. तो शब्द मी कधी वापरलेला नव्हता, गंजलेल्या नटासारखा जागचा हलेना. "माझं... म्हणजे मी..." इथवर आला आणि पुन्हा अडकला.

"राहू दे," गाणेबाई म्हणाली. "आणखी पिळलास तर तुटेल."

मग तिने ओट्यावरच्या पत्त्यांकडे पाहिलं. मी सकाळीच ते मांडून ठेवले होते, दोघींचे. ती पुढे झाली, माझ्या वाट्याचे पत्ते उलटून पाहिले, त्यातले दोन चांगले काढून आपल्याकडे घेतले आणि पायरीवर बसली.

"खेळ," ती म्हणाली. "आणि ऐक. पुढच्या महिन्यात पुन्हा गाणं आहे माझं. तुला यायलाच पाहिजे. पहिल्या रांगेतच बस. फक्त थोरल्यांना बरोबर आण आणि शेजारच्या खुर्चीत चालू ठेव, म्हणजे तुझा आवाज कुणाला ऐकू येणार नाही, आणि मला ताल मिळेल."