खटावकरांच्या दारातला सायकल ट्रॅक

सोमवारी सकाळी शशिकांत खटावकर दूध घेऊन घरी परतले, तेव्हा गावातला सायकल ट्रॅक त्यांच्या मागोमाग आला आणि फाटकापाशी थांबला.

यात त्याला दोष देता येणार नाही. नगरपालिकेने तो एसटी स्टँडपासून तळ्यापर्यंत मोठ्या हौसेने आखला होता. रंग हिरवा, कडेला पांढरी रेघ. पुढे त्याच्यावर टेम्पो उभे राहिले, भेळेच्या गाड्या लागल्या, लग्नसराईत मांडवाचे खांबही रोवले गेले. सायकल तेवढी एकच यायची, ती खटावकरांची. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज घंटी वाजवत, टेम्पोंना वळसे घालत त्याच्यावरून जायचा. कोणीही असतं तरी त्याच्याच मागे गेलं असतं.

दुपारी नगरपालिकेच्या मुल्ला मॅडम पाहणीला आल्या. रस्ते आणि फूटपाथ यांची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांना या प्रकाराचं विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी टेप लावून रुंदी मोजली, चहा घेतला आणि नियम सांगितले. ट्रॅक ज्याच्या दारात मुक्कामाला, त्याने तो झाडायचा. त्या घरातलं माणूस सायकलवरून जाईल तिथे ट्रॅक मागून जाणार आणि दिवस मावळेपर्यंत तसाच पडून राहणार. त्याच्यावर गाडी लावायची नाही, पायी चालायचं नाही; खराटा हातात असलेल्याला तेवढी मुभा.

"आणि रांगोळी?" खटावकरांच्या पत्नी शालनताईंनी विचारलं.

"पांढऱ्या रेघेच्या अलीकडे चालेल," मॅडम म्हणाल्या.

शालनताईंचा खरं तर या पाहुण्याला विरोध होता. एकाला सांभाळतानाच नाकी नऊ येतात, असं त्यांचं म्हणणं. पण समोरच्या क्लासला येणाऱ्यांना आता फाटकाला मोटारसायकली टेकवता येणार नाहीत हे कळलं, तशी त्यांनी रेघेच्या अलीकडे ठिपक्यांची मोठी रांगोळी घातली.

हाल सुरू झाले ते खटावकरांचे. त्यांचं तेलकट-तिखट बंद होतं आणि वाचनालयात जातो असं सांगून ते रोज बाहेर पडत. पहिल्याच आठवड्यात शालनताई गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या आणि त्यांनी सहज खाली पाहिलं. हिरवा पट्टा वाचनालयासमोरून न थांबता पुढे गेला होता आणि तेली आळीत मिसळीच्या हॉटेलासमोर त्याचं चांगलं वेटोळं पडलं होतं. खटावकर घरी आले तेव्हा शालनताईंनी त्यांना जेवायला बसवलं. ताटात दुधी वाढला. मग पुन्हा दुधीच वाढला. खटावकर काय समजायचं ते समजले आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच वाचनालयात जाऊ लागले.

तरी ट्रॅकवर त्यांनी राग धरला नाही. संध्याकाळी ते त्याची रेघ ओल्या फडक्याने पुसायचे, कडेचं गवत काढायचे. लळा लागला होता, दुसरं काय.

दिवाळीनंतर खटावकरांच्या कानात दोष निघाला आणि त्यांचा तोल जाऊ लागला. डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. चालायला हरकत नव्हती. ट्रॅक रोज पहाटे फाटकातून टोक आत घालून सायकलीपाशी यायचा आणि उन्हं वर आली की मुकाट्याने मागे सरकायचा. त्याचा हिरवा रंग विटत चालला. खटावकरांना ते बघवेना.

मुल्ला मॅडम पुन्हा आल्या. या वेळी त्या जरा हळू बोलल्या. महिनाभर सायकल फिरली नाही तर ट्रॅक बेवारस ठरतो, आणि मंगल कार्यालयाने पार्किंगसाठी त्याची मागणी केलेलीच आहे. खटावकरांनी आपली सायकल शेजारच्या लोंढे सरांना देऊन पाहिली. सर कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. ट्रॅकने टोक जरासं उचललं, बघितलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

"घरचंच माणूस लागतं," मॅडम म्हणाल्या.

घरचा मुलगा बंगळुरात होता. खटावकरांनी फाटकापाशी पडलेल्या ट्रॅककडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या होत्या. त्यांच्यासाठी थांबून राहिलेला असा हा एकच.

"मी शिकते सायकल," शालनताई म्हणाल्या.

"या वयात?"

"त्या वयात म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही विचारलंत, कुठे जायचंय तुला? ते अजून ठरलेलं नाही. पण शिकून तर ठेवते."

हा विषय नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे मॅडम कपात बघत राहिल्या.

लोंढे सरांच्या मुलीची दांडी नसलेली सायकल आली. सुनेने दिलेला, कपाटातच राहिलेला पंजाबी ड्रेस बाहेर निघाला. शाळेच्या मैदानावर खटावकर कॅरियर धरून चालायचे आणि सूचना द्यायचे. त्या डावीकडे पडल्या, उजवीकडे पडल्या, एकदा खटावकरांवरही पडल्या. पुढे पुढे शालनताईंनी त्यांना सूचना देऊ नका म्हणून सांगितलं आणि मग जमलं.

महिनाभराच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी शालनताई भाजी आणते म्हणून फाटकातून बाहेर पडल्या. ट्रॅकने अंग झाडलं आणि तो त्यांच्या मागे निघाला. खटावकरांना इतका आनंद झाला की रांगोळीत पाय पडल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

जेवणाची वेळ टळून गेली तरी त्या आल्या नाहीत. खटावकर कठड्याला धरून गच्चीवर गेले. हिरवा पट्टा भाजीमंडईवरून न थांबता पुढे गेला होता. शालनताईंच्या बहिणीच्या घरापाशी वळला नव्हता, देवळापाशीही नाही. तेली आळीत मिसळीच्या हॉटेलासमोर तेवढं एक वेटोळं पडलं होतं. तिथून तो तळ्याकडे निघाला, तळं मागे टाकलं आणि उसाच्या फडांमधून दिसेनासा झाला.

तेवढ्यात मुल्ला मॅडमचा फोन आला. ट्रॅक हद्दीबाहेर गेला आहे आणि शेजारच्या ग्रामपंचायतीने रीतसर विचारणा केली आहे की झाडायचा कोणी. नियमाप्रमाणे मुक्काम खटावकरांच्या दारात, तेव्हा जबाबदारी त्यांचीच.

"कुठवर गेलाय?" खटावकरांनी विचारलं.

"अजून जातोय," मॅडम म्हणाल्या.

खटावकरांनी चष्मा पुसला. दाराला कडी लावली, खराटा घेतला आणि फाटकापासून झाडायला सुरुवात केली.